विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होताना: अर्ज, नेमणूक, सेवापुस्तक आणि दौरे

निवड झाल्याचे कळले की अभिनंदन सगळेच करतात, पण पुढे कोणते कागद कोणाकडे द्यायचे हे सांगायला कोणी बसत नाही. आस्थापना विभागाला वाटते विभागप्रमुख सांगतील, विभागप्रमुखांना वाटते आस्थापना सांगेल. नवा माणूस मात्र दोन-तीन महिने पगाराविना काढतो. काही वर्षांनी कॅसखाली, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेखाली, स्थाननिश्चितीची वेळ येते तेव्हा त्याला कळते की तीन वर्षांचा जुना अनुभव एका प्रमाणपत्रातल्या अर्ध्या ओळीमुळे बाद झाला आहे. महाराष्ट्रातल्या अकृषी सार्वजनिक विद्यापीठांत पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी हा सगळा रस्ता इथे क्रमाने मांडला आहे. या विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू आहे, आणि शिक्षकांच्या पात्रतेचा पाया म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) १८ जुलै २०१८ चे विनियम व त्यांतल्या दुरुस्त्या. त्यावर त्या-त्या वेळचे शासन निर्णय आणि विद्यापीठाचे परिनियम येतात. म्हणून जाहिरातीत ज्या नियमांचा उल्लेख असेल तेच आधी उघडून वाचावेत.

अर्ज भरण्याआधी

पात्रता मोजली जाते ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला. मुलाखतीपर्यंत निकाल येईल, तोवर मौखिकी उरकेल, असे हिशेब इथे चालत नाहीत. पीएच.डी.च्या बाबतीत तीन तारखा असतात: मौखिकीची, विद्यापीठाने काढलेल्या अधिसूचनेची आणि पदवीदान समारंभाची. पदवी मिळाल्याची तारीख म्हणून साधारणपणे अधिसूचनेची तारीख धरतात. मौखिकी झाली त्या दिवशी सगळे ‘डॉक्टर’ म्हणायला लागतात, पण अर्जात ती तारीख टाकली की छाननीत प्रश्न उभा राहतो. अधिसूचनेची प्रत काढून ठेवा आणि अर्जातही तीच तारीख लिहा.

सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत गटात न मोडणारे) आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. ५४.९ चे ५५ होत नाहीत. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर ज्या विद्यापीठाची पदवी आहे त्याच विद्यापीठाचे टक्केवारीत रूपांतराचे पत्र जोडा. स्वतः दहाने गुणून काढलेली टक्केवारी मान्य होत नाही.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नेट (राष्ट्रीय), सेट किंवा स्लेट (राज्यस्तरीय) यांपैकी एक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे ही सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीची किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. सेटबद्दल एक गोष्ट बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांना उशिरा कळते. १ जून २००२ पूर्वी उत्तीर्ण झालेली राज्यस्तरीय परीक्षा देशभर चालते, त्यानंतरची फक्त त्या-त्या राज्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे. शेजारच्या राज्याची स्लेट घेऊन इथे अर्ज केला तर शुल्क तेवढे वाया जाते.

राखीव जागेवर अर्ज करत असाल तर तीन कागद वेगवेगळे आहेत हे नीट समजून घ्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, यातले एक दुसऱ्याची जागा घेत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरात फेब्रुवारीत आणि शेवटची तारीख एप्रिलमध्ये असेल, तर कोणत्या दिवशी वैध असलेले प्रमाणपत्र हवे ते जाहिरातीत शोधा, आणि दोन्ही काळांचे असेल तर दोन्ही जोडा. वैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे जाऊन निकाल यायला महिने लागू शकतात, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता ते काम हाती घ्यावे. याशिवाय लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन, म्हणजे २००५ च्या नियमांतला ‘नमुना अ’, भरून द्यावा लागतो. २८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त होत असतील तर उमेदवार अपात्र ठरतो.

गुणांचा तक्ता स्वतः भरून पाहा

२०१८ च्या विनियमांतला तक्ता ३-अ हा विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाची प्राथमिक यादी लावण्यासाठी आहे. तक्ता ३-ब महाविद्यालयांसाठी आहे. दोन्हींतले गुण वेगळे आहेत आणि लोक हमखास चुकीचा तक्ता उघडून बसतात. ३-अ मध्ये पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, शोधनिबंधांना जास्तीत जास्त १०, अध्यापन किंवा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाला जास्तीत जास्त १० आणि पुरस्कारांना जास्तीत जास्त ३ असे गुण आहेत.

एक उदाहरण घेऊ. पदवीला ६८ टक्के, म्हणजे ६० ते ८० च्या गटात, १३ गुण. पदव्युत्तरला ६२ टक्के, २३ गुण. पीएच.डी. ३०. नेट ५. सहा शोधनिबंध, प्रत्येकी २ प्रमाणे १२ होतात, पण मर्यादा १० ची आहे. तीन वर्षांचा अनुभव, वर्षाला २ प्रमाणे ६. बेरीज ८७. या हिशेबात दिसते की पाचव्या शोधनिबंधानंतर कितीही निबंध जोडले तरी या तक्त्यात फरक पडत नाही, अनुभवाचे एक वर्ष मात्र दोन गुण वाढवते. वर्ष पुरे नसेल तर गुण त्या प्रमाणात कमी होतात. हा तक्ता यादी लावण्यापुरता आहे. अंतिम निवडीत त्याला किती वजन आणि मुलाखतीला किती, हे जाहिरातीत आणि त्या वेळच्या शासन आदेशात पाहावे.

शोधनिबंधांबाबत एक सावधगिरी. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ती चालू असताना छापलेल्या निबंधांसाठी, नियतकालिक त्या काळात यादीत होते हे दाखवणारी छापील प्रत तुमच्याजवळ हवी. नसेल तर निदान निबंधाचे पहिले पान, अनुक्रमणिका, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि संपादक मंडळाचे पान एकत्र टाचून ठेवा. नामांकित नियतकालिकाचे नाव चोरून चालवलेली बनावट संकेतस्थळे आहेत. त्यांवर छापलेला निबंध यादीतल्या नावाशी जुळतो, पण छाननीत आयएसएसएन आणि मूळ प्रकाशकाचा पत्ता जुळत नाही.

अनुभवाचे प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त नुकसान या एका कागदाने होते. ‘यांनी आमच्याकडे २०१९ ते २०२२ या काळात समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीच्या प्रमाणपत्राला पुढे काहीही किंमत राहत नाही. त्यात पुढच्या गोष्टी असायला हव्यात: रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख दिवसासकट, पदाचे नाव, नेमणुकीचे स्वरूप (नियमित, कंत्राटी की तासिका तत्त्वावर), आठवड्याचे तास, मिळालेले वेतन, निवड समितीची तारीख, विद्यापीठाच्या मान्यता पत्राचा क्रमांक आणि तारीख. खाली जावक क्रमांक आणि गोल शिक्का.

इतका तपशील का लागतो, तर आधीची सेवा पुढे पदोन्नतीसाठी धरायची असेल तेव्हा यूजीसी काही अटी घालते. त्या वेळची पात्रता आजच्या पदाच्या पात्रतेपेक्षा कमी नसावी, पद समकक्ष असावे, निवड रीतसर समितीने केलेली असावी आणि कंत्राटी सेवा असेल तर एकूण मासिक वेतन नियमित शिक्षकाच्या वेतनापेक्षा कमी नसावे. शेवटच्या अटीमुळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दहा-दहा वर्षे शिकवलेल्यांची सेवा कॅसमध्ये मोजली जात नाही. हे अन्यायाचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पण अर्ज करताना नियम आहे तसाच धरावा लागतो. गुणांच्या तक्त्यात अनुभव धरणे आणि कॅससाठी सेवा धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात गुण मिळाले म्हणून सेवा धरली जाईल असे समजू नका.

प्रमाणपत्र नोकरी सोडतानाच घ्या. प्राचार्य बदलतात, लिपिक निवृत्त होतात, कॉलेजातली जुनी दप्तरे माळ्यावर जातात, आणि मग एका सहीसाठी खेटे घालावे लागतात.

नावाचा घोळ

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पदवीवर कधी तोच क्रम, कधी उलटा. आधारवर वडिलांचे नाव नाही, पॅनवर फक्त अद्याक्षर, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या पदव्या माहेरच्या नावावर, आधार आणि बँक खाते सासरच्या नावावर, शोधनिबंधांतले निम्मे एका नावाने आणि निम्मे दुसऱ्या. रुजू होताना कोणी फारसे विचारत नाही. अडते ते प्रान (निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक) काढताना, आयकरात, आणि व्हिसाच्या खिडकीवर.

रुजू होण्याआधी एक नाव ठरवा आणि ते सेवापुस्तकात, पॅनवर, आधारवर, बँकेत आणि पासपोर्टवर अक्षर न् अक्षर सारखे करून घ्या. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी हा त्याचा आधार. राजपत्राच्या त्या पानाच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. ‘Shinde’ की ‘Shende’ अशा रोमन स्पेलिंगच्या चुका मराठी अर्जात दिसत नाहीत, त्या इंग्रजी आदेशात उघड्या पडतात. म्हणून नियुक्तिपत्राची इंग्रजी प्रत मिळाल्या दिवशीच नाव तपासा आणि चूक असेल तर शुद्धिपत्रकासाठी अर्ज द्या. संशोधनाच्या नावासाठी सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढून दोन्ही नावांनी छापलेले निबंध त्याखाली आणावेत, आणि इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या माहितीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक जोडावा. विभागाचा वार्षिक अहवाल करणारी मंडळी तुमची माहिती बहुधा तिथूनच उचलतात.

जुनी नोकरी सोडताना

आधी कुठे नियमित पदावर असाल तर नवा अर्ज योग्य त्या मार्गाने, म्हणजे सध्याच्या संस्थेमार्फत जायला हवा. संस्थेकडे फाईल रेंगाळेल ही भीती खरी असते, म्हणून आगाऊ प्रत थेट नव्या विद्यापीठाला पाठवावी आणि मूळ अर्ज संस्थेच्या आवक शिक्क्यासह दाखल करावा. निवड झाल्यावर राजीनामा लिहाल तेव्हा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहू नका. अमुक विद्यापीठात अमुक पदावर, अमुक क्रमांकाच्या आदेशान्वये निवड झाल्याने तांत्रिक राजीनामा देत आहे, असे स्पष्ट लिहा. नुसत्या राजीनाम्याने आधीची सेवा संपते, आणि वेतन संरक्षण मागताना तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो.

तीन गोष्टी घेतल्याशिवाय जुनी जागा सोडू नये: कार्यमुक्ती आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि ना-देय प्रमाणपत्र. कार्यमुक्तीचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यांत खंड पडू देऊ नका. १४ तारखेला मध्यान्हनंतर कार्यमुक्त आणि १५ ला मध्यान्हपूर्व रुजू, हा सरळ हिशेब. मध्ये रविवार किंवा सुटी येत असेल तर दोन्ही आदेशांत ती सुटी नमूद करून घ्या.

रुजू होण्याचा दिवस

नियुक्तिपत्रात रुजू होण्याची मुदत दिलेली असते. वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याच्या आत लेखी अर्ज करा आणि मुदतवाढीचे पत्र हातात घ्या. ‘साहेब हो म्हणाले’ यावर विसंबून मुदत ओलांडली तर नेमणूक रद्द होऊ शकते आणि प्रतीक्षा यादीतला उमेदवार बोलावला जातो.

सकाळी जा. रुजू अहवालात ‘मध्यान्हपूर्व’ असे लिहिले तर त्या दिवसापासून सेवा धरतात, ‘मध्यान्हनंतर’ लिहिले तर दुसऱ्या दिवसापासून. वेतनवाढीसाठी त्या तारखेपर्यंत ठरावीक सेवा पूर्ण झालेली लागते, आणि महिन्याच्या आरंभी एका दिवसाच्या फरकाने ती वेतनवाढ लांबू शकते. तारीख निवडण्याची मुभा असेल तर आधी आस्थापना विभागात जाऊन हा हिशेब विचारा.

रुजू अहवाल तीन प्रतींत करा. मूळ प्रत विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांना, दुसरी विभागाच्या फाईलला, तिसरी तुमची. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही असल्याशिवाय तिथून हलू नका. सोबत मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी न्या, पण मूळ प्रती ठेवून घेत असतील तर पोच मागा. वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा विद्यापीठाने नेमलेल्या मंडळाकडून आणायचे असते. खासगी डॉक्टरचे चालत नाही. साक्षांकन नमुना भरताना गेल्या काही वर्षांतले सगळे पत्ते, शिकलेल्या संस्था आणि असलेले किंवा मिटलेले खटले लिहावे लागतात. या नमुन्यावरून पोलीस चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी करतात. विद्यार्थिदशेतल्या आंदोलनातला, पुढे काढून घेतलेला गुन्हासुद्धा लपवू नका. जुन्या गुन्ह्याने नोकरी जाईलच असे नाही, पण माहिती दडवली हे कारण मात्र सेवा संपवायला पुरते.

पहिला पगार कशाने अडतो

सहायक प्राध्यापकाची सुरुवात शैक्षणिक स्तर १० वर, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि इतर भत्ते. वेतन निघते ते आदेशानंतर बरेच टप्पे पार करून: वेतननिश्चिती, सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीत नोंद, निवृत्तिवेतनाचा क्रमांक, मग देयक. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतरच्या नेमणुकांना जुनी पेन्शन नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेखाली प्रान क्रमांक काढावा लागतो आणि मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम तुमच्या पगारातून वळती होते. आधीच्या नोकरीतला प्रान असेल तर नवा काढू नका, तोच पुढे चालवण्याचा अर्ज द्या. दोन प्रान झाले की ते एकत्र करताना मनस्ताप होतो.

पगार लांबला तर तक्रार करण्याआधी फाईल नेमकी कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. बहुतेकदा एखादा कागद कमी असतो आणि तो मागणारे पत्र विभागात येऊन पडलेले असते, तुमच्यापर्यंत आलेले नसते. म्हणून पहिले तीन महिने विभागाची आवक नोंदवही आठवड्यातून एकदा चाळावी.

सेवापुस्तक

रुजू झाल्यावर महिन्याभरात सेवापुस्तक उघडले का ते विचारा. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जात प्रवर्ग, शैक्षणिक पात्रता, ओळखखूण, बोटांचे ठसे. जन्मतारीख ठरावीक मुदतीनंतर बदलत नाही, म्हणून दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून मगच सही करा. दुय्यम सेवापुस्तक स्वतःजवळ ठेवा आणि दर वर्षी मूळ पुस्तकावरून नोंदी उतरवून सही घ्या. पीएच.डी. नंतर मिळाली, पत्ता बदलला, नामनिर्देशन बदलले, तर प्रत्येक वेळी अर्ज आणि नोंद.

परिविक्षा काळ (प्रोबेशन) आदेशात दिलेला असतो. तो संपला की कायम झाल्याचे पत्र आपोआप येईल असे धरू नका. मुदत संपायच्या महिनाभर आधी विभागप्रमुखांच्या शिफारशीसह अर्ज द्या. कॅसची गाडी पुढे निघते तीही अशीच: स्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. त्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि त्याशिवाय एक उजळणी किंवा संशोधन पद्धतीचा वर्ग लागतो. मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत हे वर्ग होतात. जागा भरतात आणि सत्र चालू असताना विभाग सोडायला तयार नसतो, म्हणून दुसऱ्या वर्षातच पहिला वर्ग उरकावा.

देशातले दौरे

यूजीसीच्या विनियमांनुसार शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते. परिषद, चर्चासत्र, उद्बोधन व उजळणी वर्ग, दुसऱ्या विद्यापीठात व्याख्यान ही सगळी कारणे त्यात येतात. नैमित्तिक रजा ८ आणि विशेष नैमित्तिक १० दिवस. नवीन माणूस चुकतो तो रजा जोडताना. १२ आणि १३ ला परिषद आहे, जायला एक दिवस, यायला एक दिवस, तर कर्तव्य रजा ११ ते १४ ‘प्रवासाचे दिवस धरून’ अशी मागा. पुढे दोन दिवस नातेवाइकांकडे राहायचे म्हणून १५ आणि १६ ला नैमित्तिक रजा टाकली तर चालत नाही, कारण नैमित्तिक रजा विशेष नैमित्तिक सोडून दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही. तिथे अर्जित रजा मागावी.

अर्जासोबत निमंत्रण किंवा निबंध स्वीकारल्याचे पत्र, कार्यक्रमपत्रिका, खर्च कोणत्या शीर्षातून करायचा ते, आणि तासांची पर्यायी व्यवस्था जोडा. पर्यायी व्यवस्थेच्या तक्त्यावर तास घेणाऱ्या सहकाऱ्याची सही घ्या. नुसते नाव लिहिलेले असेल तर विभागप्रमुख परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तासाला कोणी आले नाही तर मुले ताटकळतात. त्याच अर्जात ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ हे शब्द लिहा. रजा मंजूर होणे आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निघण्याआधी मंजुरीचा आदेश जावक क्रमांकासह हवा. कार्योत्तर मंजुरी क्वचित मिळते आणि लेखापरीक्षणात ती पहिली उचलली जाते.

यजमान संस्था नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त मानधन किंवा अधिछात्रवृत्ती देत असेल तर कर्तव्य रजा कमी वेतनावर मंजूर होऊ शकते. मानधन किती आहे ते अर्जात आधीच लिहिलेले बरे.

प्रवास भत्त्याचे देयक परतल्यावर आठवड्याभरात द्यावे. तिकीट, विमान असेल तर बोर्डिंग पास, नोंदणी शुल्काची पावती, उपस्थितीचे प्रमाणपत्र, तुमच्या नावाचे राहण्याचे बिल आणि मंजुरीचा आदेश. टॅक्सीच्या आणि बसच्या पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात. पाकिटात ठेवल्या की काही महिन्यांत कोऱ्या होतात. हॉटेलात असतानाच त्यांचे छायाचित्र काढा आणि परतल्यावर झेरॉक्स काढून मूळ पावतीसह लावा. केंद्राच्या निधीतून, समजा एखाद्या संशोधन प्रकल्पातून विमानप्रवास असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावे लागते. स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावरून काढलेले तिकीट स्वतःच्या खिशातून भरण्याची पाळी येते. अग्रिम घेतले असेल तर त्याचा हिशेब वेळेत द्या, नाहीतर ती रक्कम पगारातून कापली जाते.

परदेशी जायचे असेल तर

सहा महिने हातात ठेवा. पासपोर्ट नसेल किंवा मुदत संपत आली असेल तर तिथून सुरुवात करा. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याला पासपोर्टसाठी तीन मार्ग आहेत: ओळख प्रमाणपत्र, ना हरकत प्रमाणपत्र किंवा पूर्वसूचना पत्र. शेवटचा मार्ग सोपा. नमुना ‘एच’ भरून कार्यालयाला कळवायचे की मी पासपोर्टसाठी अर्ज करत आहे, आणि त्याची प्रत पासपोर्ट कार्यालयात द्यायची. ना हरकत प्रमाणपत्राची फाईल फिरत असते तोवर पूर्वसूचनेवर पासपोर्ट हातातही येतो.

परदेश प्रवासाची परवानगी आणि रजा यांचा अर्ज एकत्र करा. त्यात खर्च कोण करणार ते चार ओळींत वेगळे लिहा: विमानभाडे, राहणे, नोंदणी, विमा. परदेशी संस्था राहण्या-जेवण्याचा किंवा प्रवासाचा खर्च करत असेल तर परकीय योगदान नियमन अधिनियम २०१० चे कलम ६ पाहावे लागते. शासनाच्या नियंत्रणाखालच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला परदेशी आदरातिथ्य स्वीकारण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते आणि तिचा अर्ज एफसी-२ नमुन्यात ऑनलाइन करायचा असतो. तुमच्या विद्यापीठात हे कसे हाताळतात ते कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. विमानभाड्यासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे प्रवास साहाय्य मागणार असाल तर निबंध स्वीकारल्याचे पत्र हाती येताच अर्ज टाका.

व्हिसासाठी विद्यापीठाचे पत्र लागते. पासपोर्टवरचे नाव, पद, रुजू तारीख, वेतन, मंजूर रजेच्या तारखा, खर्च कोणाचा आणि रजेनंतर कामावर परत येणार हे वाक्य त्यात हवे. आदेशात रजा ४ ते १२ आणि तिकीट ३ तारखेच्या रात्रीचे, असे झाले की वकिलातीत शंका येते. तारखा आधी जुळवा, मग पत्रावर सही घ्या. शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा असावा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत परिषद असेल तर लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य होते. ते नसेल तर भारतात परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते.

महागडे उपकरण सोबत नेत असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना त्यावर शुल्क मागितले जात नाही. हे काम चेक-इनच्या आधी करायचे, कारण अधिकारी वस्तू आणि तिचा क्रमांक प्रत्यक्ष पाहतात. बिया, ऊती, सूक्ष्मजीव यांचे नमुने खिशात टाकून नेऊ नका. ते जैवविविधता अधिनियम २००२ खाली येतात आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम त्यांना लागू होतात.

परतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू अहवाल द्या. दौऱ्याचा दोन पानी अहवाल, सादर केलेल्या निबंधाची प्रत आणि प्रमाणपत्र विभागात जमा करून कर्तव्य रजेची नोंद सेवापुस्तकात झाली का ते पाहा.

पीएच.डी. किंवा लांबच्या संशोधनासाठी जायचे असेल तर अध्ययन रजा वेगळी आहे. सहायक प्राध्यापकाला सलग ३ वर्षांच्या सेवेनंतर ती मागता येते. आधी २ वर्षे, मग १ वर्ष वाढवून एकूण ३ पर्यंत. परतल्यावर किमान ३ वर्षे विद्यापीठात काम करण्याचे बंधपत्र द्यावे लागते, आणि ती ३ वर्षे मोजली जातात परतीच्या रुजू अहवालावरच्या तारखेपासून.